चार आठवड्यांची एकच जखम

घरात उंदीर मेला असं धरून आम्ही नवराबायको दोन दिवस शोधत होतो. आमचे हे मागाच्या खड्ड्यात उतरून काठीनं कोपरे ढोसायचे, मी तांदळाच्या कोठीमागे टॉर्च मारायची. हातमाग आता महिन्यातून चार दिवस चालतो, बाकीचे दिवस तो उंदरांना आंदण दिल्यासारखाच आहे, म्हणून पहिला संशय तिथंच. पण वास एका जागी राहत नव्हता.

"इकडे नाही वाटत वं," हे खड्ड्यातून म्हणाले. "तू जवळ आली का येते."

"मंग मीच मेली असन," मी म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो. सत्तरीच्या माणसांना असल्या गोष्टींचं हसू येतं.

तिसऱ्या दिवशी आंघोळीला बसले तेव्हा उजव्या पायातलं जोडवं फिरेना. बोट चांदीभोवती कणकेसारखं फुगून वर आलं होतं आणि चांदी आत रुतून बसली होती. फडकं लावून ओढलं. जोडवं निघालं आणि त्याच्यामागून जे निघालं ते ज्यांना वाचवणार नाही त्यांनी दोन ओळी सोडून द्याव्यात. पिवळं, हिरवट, ताराताराचं. वास तळ्याच्या काठावर कुजत पडलेल्या शिंगाड्याच्या ढिगाचा. पाण्याचा तांब्या तसाच हातात राहिला आणि सकाळचा चहा वर आला.

आणि दुखलं काहीच नाही. घाणीपेक्षा ते वाईट होतं. शुगरनं पायाची शुद्ध कधी नेली ते मला कळलंच नव्हतं.

"सापडला तुमचा उंदीर," मी हाक मारली.

"कुठे?"

"माह्या पायात."

हे आले, वाकून पाहिलं, आणि तसेच अंगणात जाऊन ओकले. पन्नास वर्षांचा संसार, पण त्यांचा तो ओकण्याचा आवाज मला अजून आठवतो. मला राग आला नाही. मलाही तेच करायचं होतं, पण स्वतःचा पाय सोडून अंगणात कसं जाणार.

आता यातली खरी लाजेची गोष्ट सांगते. मी उभा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स होते, आणि त्यातली बरीच वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत. साखर असलेल्या प्रत्येक बाईला मी बजावायची, जोडवे काढून ठेवा, त्यानं नवरा मरत नाही. बायका ऐकायच्या, मान डोलवायच्या, आणि जाताना माझ्या पायाकडे बघायच्या. माझ्या दोन्ही पायांच्या बोटांत जोडवी, घट्ट. शुगर निघाल्यावरही काढली नाहीत. शहाणपण दुसऱ्याच्या पायासाठी होतं.

म्हणून मी माझ्याच जुन्या दवाखान्यात, माझ्याच जुन्या खोलीत, रुग्णाच्या स्टुलावर जाऊन बसले. भिंतींना रंग नवा, बादलीतल्या बोळ्यांचा वास तोच. माझ्या जागी आता दिघोरीकडची एक पोरगी आहे. हात चपळ, बोलणं हळू, मला 'मॅडम' म्हणते. तिच्या टेबलावर रजिस्टर नव्हतं, टॅब होता.

"मॅडम, आता जखमेची सगळी नोंद याच्यात होते जी," ती म्हणाली. "दर बुधवारी."

पडद्यावर पायाचं चित्र उघडलं. जखम कुठं, तिथं बोट ठेवायचं. मग ते विचारत सुटतं. लांबी किती. रुंदी किती. काडी आत किती गेली. तळ लाल, पिवळा की काळा. पाणी सुटतं का, वास आहे का. शेवटी जखमेशेजारी कागदाची मोजपट्टी ठेवून फोटो. एक जरी गोष्ट राहिली तर पुढचं पान उघडत नाही.

"हे यंत्र होय का ठाणेदार?" मी विचारलं.

"याच्यानं समजते जी, जखम भरून राहिली का वाढून राहिली. डोळ्यानं रोजरोज पाहिलं तर नाही समजत."

मी मनात म्हटलं, आम्हाला तर समजायचं बाई. खोटं. आम्हाला काही समजायचं नाही. तेव्हाची मी कशी होते ते आधी सांगते. कडक इस्त्रीची साडी, पावडर लावलेला रुमाल नाकाशी, आणि चिमटा असा लांब धरलेला की जणू त्याच्या टोकाला साप आहे. बोळा फिरवताना मी समोरच्या कॅलेंडरकडे बघायची. जखमेकडे न बघता ड्रेसिंग करता येतं याला मी कौशल्य समजायची. अक्षर मात्र दवाखान्यात माझ्यासारखं कुणाचं नव्हतं. रजिस्टरच्या पहिल्या ओळीत लिहायची, 'ड्रेसिंग केले, जखम ठीक.' त्याच्या खाली वरीलप्रमाणेच्या दोन टिकल्या, त्याखाली दोन टिकल्या, पान संपेपर्यंत टिकल्या. सोमवारी उत्साह असला तर शनिवारपर्यंतच्या टिकल्या सोमवारीच मारून ठेवायची. तपासणीला आलेले साहेब पान बघून म्हणायचे, किती स्वच्छ रजिस्टर. आणि मी लाजायची.

पुढच्या बुधवारी गेले तेव्हा पोरीनं टॅब उघडला आणि माझा मागच्या खेपेचा फोटो पडदाभर पसरला. मी तो पहिल्यांदाच पाहत होते. फुगलेलं, पांढुरकं, मध्ये चिरलेलं ते बोट म्हणजे कुठल्या तरी मेलेल्या जनावराचा भाग वाटला. नख पिवळं, भेगेत काळं. तोंडात पाणी सुटलं, उलटीआधी सुटतं तसं.

"झाक ते," मी म्हणाले.

"मॅडम, आजचा काढाचा आहे न."

"हे कोन-कोन पाहते?"

"डॉक्टर पाहते. भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात बी दिसते."

भंडाऱ्याला माझ्या हाताखाली शिकलेल्या दोघीतिघी आहेत. त्यांना मी नख वाढलं म्हणून उन्हात उभं केलेलं आहे. त्या आता माझं हे नख बघणार, चहा पिता पिता.

"नको काढू फोटो," मी म्हणाले.

"फोटोबिगर समोर जात नाही जी."

"मंग मागचाच टाक न. आठ दिवसांत काय बदलते? आन हे निळं बटन कायचं आहे?"

निळ्या बटनावर लिहिलं होतं, मागील नोंदीप्रमाणे.

"थे नाव-पत्त्यासाठी आहे," ती म्हणाली. "जखमेसाठी नाही वापराचं, असं शिकवलं आमाले."

"कोनं शिकवलं? त्यानं किती वर्षं ड्रेसिंग केलं? तू जन्माला नोती तवापासून मी या खोलीत आहे पोरी."

बाहेर रांग होती. दाराशी एका म्हाताऱ्याचं पातळ जुलाबानं भरलेलं धोतर, आत तान्ह्याचं रडणं, आणि समोर जुनी सिस्टर डोळे वटारून. पोरीनं बटन दाबलं. आकडे झरझर भरले गेले, मागचा फोटो जागेवर जाऊन बसला, पुढचं पान उघडलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. यंत्राच्या युगातही मला टिकली मारता आली होती.

त्यानंतर दर बुधवारी तेच. पोरगी पट्टी सोडायची, धुवायची, काडी घालायची, आणि मी खिडकीबाहेर एसटी स्टँडकडे बघायची. त्या पहिल्याच खेपेला ती म्हणाली होती, "मॅडम, काडी तीन मिलिमीटर जाऊन राहिली. पहिले दोन होती." मी म्हणाले, "वरची सडकी कातडी निघाली का खोल वाटतेच." पुढच्या वेळी म्हणाली, पाच. मी म्हणाले, "तुह्या हाताले जोर जास्त आहे." मग सहा झाल्यावर तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी आधीच म्हणाले, "दाब बटन."

घरी हे खाटेच्या उशाशी बसायचे, पायथ्याशी कधी नाही. एकदा म्हणाले, "वास तं गेला नाही अजून."

"औषधीचा आहे," मी म्हणाले.

चार खोट्या बुधवारांनंतर दवाखान्यातून फोन आला, डॉक्टरांनी बोलावलं आहे म्हणून. डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, मला अजूनही 'सिस्टर' म्हणतात. त्यांच्या टॅबवर रुग्णांची यादी होती आणि माझी ओळ सगळ्यात वर, लाल.

"चार आठवड्यांत जखम कमी झाली नाही की नाव आपोआप वर येतं," ते म्हणाले. "म्हणून उघडून पाहिलं. सिस्टर, तुमची जखम मोठी शिस्तीची दिसते. लांबी तीच, रुंदी तीच, खोली तीच. एक मिलिमीटर इकडं नाही की तिकडं नाही. जिवंत माणसाची जखम अशी राहत नाही. एक तर भरते, नाही तर चिघळते."

त्यांनी पाच फोटो एकाखाली एक लावले.

"आणि ही माशी. मोजपट्टीवर, पाचच्या आकड्यापाशी बसलीय. ही महिनाभर उडालीच नाही?"

पोरगी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या कपाळावर घाम आला होता. आणि मी, एवढी वयाची बाई, म्हणाले, "यंत्र बिघडलं असन. इकडे नेटवर्क नाही राहत डॉक्टर."

लिहितानाही माझी मला शिसारी येते. पण म्हणाले खरं, आणि सहज म्हणाले.

डॉक्टरांनी हातमोजे घातले, पट्टी सोडली. वासानं तेही क्षणभर मागे सरले. धातूची बारीक सळई जखमेत घातली आणि ती आत जात राहिली. मग थांबली. मला दुखलं नाही, पण बोटातून वर एक टणक ठोका आला, खाटेच्या दांडीला चमचा लागावा तसा.

"हाडाला लागली," डॉक्टर म्हणाले. "बोट ठेवता येणार नाही. ते जाईलच. आता मला एवढंच ठरवायचंय, बोटावर भागतंय की पाऊल काढायचं. हे महिनाभर हळूहळू आत गेलं असेल तर बोट काढून थांबता येईल. गेल्या पाच-सहा दिवसांत एकदम चढलं असेल तर मी थांबणार नाही, आजच मोठ्या दवाखान्यात पाठवेन, आणि ते घोट्यापर्यंत कापतील. सिस्टर, कधीपासून खोल जायला लागलं?"

पडद्यावर उत्तर होतं, पाचदा लिहिलेलं, आणि पाचही वेळा एकच.

मला हा प्रश्न आधी एकदा विचारला गेला होता. लाखनीकडच्या हमरस्त्यावर एका बाईची चहाची टपरी होती, दिवसभर उभी राहून ट्रकवाल्यांना चहा द्यायची. टाचेला जखम घेऊन माझ्याकडे तीन महिने येत होती. एक दिवस यायची थांबली. मग नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली की पाय गुडघ्याखाली कापला, जखम कधी बिघडली ते कळवा. मी रजिस्टर उघडलं. सुंदर अक्षर, आणि पानं भरून टिकल्या. मी उत्तर लिहिलं, 'रुग्ण उशिरा आली.' तेही सुंदर अक्षरात. काही महिन्यांनी ती बाई कुबडीवर टेकत खुंट धुवून घ्यायला माझ्याकडेच आली आणि बाकीच्यांना सांगायला लागली, "सिस्टरबाईचा हात लय हलका आहे." हलकाच होता. तो कशाला लागतच नव्हता.

"सिस्टर?" डॉक्टर म्हणाले.

"यंत्र चांगलं आहे," मी म्हणाले. "मी पोरीले बटन दाबाले लावलं. पयल्या दिवशीचा फोटो सोडला तर बाकीचे चारही खोटे आहेत. मले माहीत नाही कधीपासून खोल गेली. मी पाहिलंच नाही."

मला वाटलं, पाय गेला.

मग पोरगी भिंतीपासून हलली. "मले माहीत आहे सर," ती म्हणाली. "मी काडी टाकतच होती. भरत नोती फक्त. पयले दोन, मंग तीन, मंग पाच, मंग सहा. या बुधवारी आठ."

"नक्की?"

"मॅडमले सांगतलं होतं मी."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"सांगतलं तिनं," मी म्हणाले. "मी गप केली तिले."

त्यांनी ते आकडे कागदावर लिहिले, परत पायाकडे पाहिलं, घोट्यापर्यंत दाबून पाहिलं, तापाची चौकशी केली. मग म्हणाले, हळूहळू गेलंय, बोटावर भागवून बघू. आणि त्या पोरीला माझ्यासमोर असं झापलं की मीच स्टुलावर लहान होत गेले. एक शब्द तिच्या बाजूनं बोलायला तोंड उघडलं तर मला म्हणाले, "तुम्ही थांबा." थांबले.

त्या टॅबमध्ये भरलेलं खोडता येत नाही, खाली दुरुस्ती लिहावी लागते. दुरुस्ती मी सांगितली, पोरीनं भरली. 'वरील चार नोंदी खऱ्या नाहीत. रुग्णाच्या सांगण्यावरून मागील फोटो टाकला.' भंडाऱ्याच्या माझ्या शिष्यांनी ते वाचलं असणार. वाचोत.

बोट भंडाऱ्यालाच काढलं. परत आल्यावर डॉक्टरांनी माझ्यासमोर टॅब धरून बजावलं. "बोटाच्या जागची जखम आता लांबीला चार सेंटिमीटर, रुंदीला अडीच. चार आठवड्यांत ती, म्हणजे लांबी गुणिले रुंदी, निम्म्यावर यायला पाहिजे. नाही आली तर पावलाचं परत बघावं लागेल. आणि या वेळी मला खरा आकडा पाहिजे."

तेव्हापासून दर बुधवारी मी मान वळवत नाही. लोक म्हणतात पाहून पाहून सवय होते. मला झाली नाही. बोट होतं तिथं एक ओली बोळकी खाच, कडेला पांढरी भिजलेली कातडी, आत मांस. धुताना त्यातून पातळ लालसर पाणी निघतं आणि ट्रेमध्ये त्याची नक्षी होते. दरवेळी तोंडात ते पाणी सुटतं. मी पदर तोंडाशी धरते आणि पाहते. पोरगी फोटो काढते, मी पडद्यावर तो मोठा करून पाहते, आणि तिथं तर तो आणखीच ओंगळ दिसतो. जखमेला स्वतःचा एक चेहरा असतो आणि माझ्या जखमेचा चेहरा हलकट आहे.

आता ती मला मॅडम म्हणत नाही, आजी म्हणते. मला ते बरं वाटलं की वाईट, ते ठरलं नाही.

चौथा बुधवार आला. यांनी सोबत येतो म्हटलं, मी नको म्हटलं, तरी आले आणि बाहेर बाकावर बसले. पोरीनं पट्टी सोडली, धुतलं, मोजपट्टी ठेवली.

"दोन पॉइंट सहा," ती म्हणाली. "रुंदी एक पॉइंट आठ. झाली आजी. निम्म्याच्या खाली आली."

तिचा चेहरा फुलला होता. मीही फुलले असते. पण आयुष्यात पहिल्यांदा मी मोजपट्टीकडे नीट बघत होते. तिनं ती तिरपी धरली होती, त्यामुळे जखमेची पूर्ण लांबी तिच्यावर येत नव्हती.

"सरळ धर," मी म्हणाले.

"एवढ्याशानं काय होते जी."

"काय होते थे तुले माहीत आहे. म्हणूनच तिरपी धरली तू."

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. "आजी, पाऊल घेतलं तं?"

"घेतलं तं घेतलं. सरळ धर."

सरळ धरल्यावर दोन पॉइंट नऊ झाली. तिनं टॅबवर गुणाकार केला, मी बोटांवर केला, दोघींचा एकच आला. निम्म्याहून थोडी जास्त. त्या थोड्याकडे मी बघत बसले. माझ्याच मांसाची ती एवढीशी कड, भाताच्या एका शितापेक्षा रुंद नसेल, आणि तिची मला एवढी किळस आली की नखानं खरवडून काढावी वाटली.

"भर," मी म्हणाले.

तिनं भरलं. फोटो काढला, सरळ पट्टीचा.

डॉक्टरांनी पहिल्या दिवसाचा आणि चार बुधवारचे असे पाच फोटो एकाखाली एक लावले. या वेळी पाचही वेगळे होते. पोरगी परत भिंतीला टेकली होती.

"निम्म्यावर आलेली नाही," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणाले.

"पण हे बघा." त्यांनी पेनाच्या टोकानं एकेक फोटो दाखवला. "तळ पिवळा होता, दुसऱ्या आठवड्यात अर्धा लाल, आता पूर्ण लाल. काडी अकरावरून चारवर आलीय. कडा हळू सरकतायत, पण खालून भरतंय. नुसता आकडा असता तर मी घाबरलो असतो. पाऊल राहू दे. आणखी चार आठवडे."

मी उठले, एका पायावर जोर देऊन, आणि दाराशी जाईपर्यंत रडले नाही. बाहेर बाकावर हे उठून उभे राहिले.

"काय म्हणलं?"

"ठेवलं."

"काय ठेवलं?"

"पाऊल. अजून चार हप्ते."

ते माझ्या पायाकडे बघायला लागले, पांढऱ्या पट्टीकडे, पहिल्यांदाच जवळून. मग वाकले, आणि चपलेचा सुटलेला बंद हातानं लावून दिला. त्यांचा श्वास रोखलेला मला कळत होता.

"घ्या श्वास," मी म्हणाले. "नाही तं इथंच पडान, आन तुमची नोंद कोन करन."